वंशाचा दाखला आणि वास्तव्याचा हक्क

परदेशीं जाणें आणि परदेशीं राहणें या दोन गोष्टी वरवर पाहतां एकाच जातीच्या वाटल्या, तरी त्यांचा स्वभाव अगदीं भिन्न आहे. जाण्यास धाडस लागतें, पैका लागतो, प्रसंगीं वडीलधाऱ्यांचा रोष पत्करावा लागतो; परंतु एकदां निघाल्यावर तें प्रकरण संपतें. राहण्याचें तसें नाहीं. ज्या देशांत आपण पाहुणे म्हणून गेलों, त्या देशास आपलें वास्तव्य कोणत्या नात्यानें मान्य आहे, किती दिवस मान्य आहे, आणि ती मुदत सरत आल्यावर पुढें कोणत्या आधारावर राहावयाचें, हे प्रश्न पाहुण्याची पाठ सोडीत नाहींत. आज महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांपैकीं फारच थोडीं अशीं असतील कीं ज्यांच्या घरांत किंवा नात्यागोत्यांत हा विषय कधींच निघाला नाहीं. शिकावयास गेलेल्या मुलानें अभ्यास संपल्यावर नोकरीच्या परवान्यावर राहावें कीं आणखी एखादी पदवी घ्यावी, परवान्याचीं वर्षें भरत आलीं असतां कायम वास्तव्याचा अर्ज कोणत्या वर्गांतून करावा, याची चर्चा हल्लीं घरोघरीं पूर्वीच्या पत्रिकेच्या चर्चेइतक्याच गांभीर्यानें होत असते.

हा प्रश्न आजचा वाटला, तरी त्यास इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक भाग हिंदी माणसांनींच घडविलेला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जे थोडे हिंदी लोक जाऊन राहिले, त्यांना तेथें टिकून राहण्याकरितां एकामागून एक अनेक मार्ग चोखाळावे लागले. त्यांतील कांहीं मध्येंच तुटले, कांहीं आडमार्गच ठरले, आणि ज्या मार्गाकडे प्रथम कोणाचें फारसें लक्ष नव्हतें तोच शेवटीं पलीकडे पोंचला. या मार्गांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण यांत केवळ कायद्याच्या बारकाव्यांचा प्रश्न नाहीं. परक्या दारांत उभें राहून आपण स्वतःविषयीं काय सांगतों, याचाहि तो प्रश्न आहे.

प्रथम कायदा पाहूं. अमेरिकेची राज्यघटना अमलांत येऊन एक वर्ष लोटलें न लोटलें तोंच, १७९० सालीं, तेथील काँग्रेसनें परदेशीय मनुष्यास नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा केला. दोन वर्षांचें वास्तव्य आणि सद्वर्तन या अटी त्यांत होत्याच. परंतु त्यांच्याहि आधीं अर्जदार हा ‘स्वतंत्र गोरा मनुष्य’ असला पाहिजे अशी अट होती. यादवी युद्धानंतर १८७० सालीं आफ्रिकेंत जन्मलेल्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाहि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. म्हणजे दारें दोन झालीं. मधल्या अफाट आशियाखंडाकरितां मात्र एकहि दार राहिलें नाहीं. १८८२ सालीं तर चिनी मजुरांस देशांत येण्याचीच बंदी झाली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक व प्रवासी यांना तेवढी सूट होती. मनुष्य तोच, परंतु तो कोणत्या वर्गांत मोडतो यावर त्याचें राहणें न राहणें ठरावयाचें, ही पद्धति तेथपासून रूढ झाली, आणि तिचें स्वरूप पालटलें असलें तरी ती आजतागायत चालू आहे.

या परिस्थितींत हिंदी लोक तेथें पोंचले. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं पंजाबांतील शेतकरी व पलटणींतून मोकळे झालेले शिपाई पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर उतरूं लागले आणि लांकडाच्या गिरण्यांत, आगगाडीच्या रस्त्यांवर व कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत राबूं लागले. त्यांची एकंदर संख्या कांहीं हजारांच्या पलीकडे गेली नाहीं. परंतु तेवढीहि तेथील गोऱ्या मजुरांस खपली नाहीं. १९०७ सालीं वॉशिंग्टन राज्यांतील बेलिंगहॅम गांवीं जमावानें हिंदी मजुरांना मारहाण करून गांवाबाहेर हांकलून दिलें. पुढें १९१७ सालच्या कायद्यानें आशियाचा फार मोठा भाग, हिंदुस्थानासह, ‘निषिद्ध प्रदेश’ ठरविला. तेथील मजूर येऊं नयेत हा त्याचा हेतु होता. विद्यार्थी, व्यापारी व विद्वान् व्यवसायी यांना सूट ठेवलेली होती.

विद्यार्थ्यांचा हा मार्ग आमच्या महाराष्ट्राच्या चांगल्याच परिचयाचा आहे. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे १९०६ सालीं अमेरिकेस जाऊन कॉर्नेल विद्यापीठांत शिकले, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. दोघांनीहि अमेरिकेंत असतांनाच आपल्या देशांतील जातिसंस्थेचें शास्त्रीय विवेचन केलें. केतकरांचा त्या विषयावरील ग्रंथ १९०९ सालीं निघाला आणि आंबेडकरांनीं आपला निबंध १९१६ सालीं विद्यापीठांतील एका चर्चामंडळापुढें वाचला. या दोघांचेंहि कार्यक्षेत्र स्वदेश हेंच असल्यामुळें मुदत वाढविण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें आला नाहीं. अभ्यासाबरोबर मुक्काम संपला. परंतु ज्याला राहावयाचें होतें त्याला हा मार्ग अपुरा होता. १९२४ च्या कायद्यानें तर स्पष्टच केलें कीं, विद्यार्थी हा केवळ अध्ययनाकरितां, सरकारमान्य संस्थेंत, आणि अध्ययन चालू असेतोंच राहूं शकतो. विद्या हें निमित्त टिकाऊ नव्हतें. जो तेथें घर करूं पाहत होता त्यास नागरिकत्वावांचून गत्यंतर नव्हतें. आणि नागरिकत्वाच्या दारावर तर ‘गोरा’ हा शब्द कोरलेला होता.

तेव्हां ‘गोरा’ म्हणजे कोण, हा वाद कोर्टांत सुरू झाला. कायदा करणाऱ्यांनीं या शब्दाची व्याख्या केलेली नव्हती. मुंबईचे एक पारशी व्यापारी, भिकाजी बलसारा, यांनीं न्यूयॉर्क येथें नागरिकत्व मागितलें असतां १९०९ सालीं खालच्या कोर्टानें तें दिलें. सरकारनें अपील केलें. तेंहि १९१० सालीं निकालांत निघून बलसारा नागरिक ठरले. त्या निकालांतील युक्तिवाद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पारशी हे इराणांतून आलेले, आपल्या वंशाची शुद्धता राखून राहिलेले लोक असून, हिंदुस्थानांत राहणारे इंग्रज जसे हिंदूंपासून निराळे तसेच पारशीहि निराळे, असें कोर्टानें मानलें. एकास आंत घेण्याकरितां त्याच्या शेजाऱ्यास बाहेर ठेवावें लागलें. १९१३ सालीं अक्षयकुमार मजुमदार या बंगाली गृहस्थांनीं वॉशिंग्टन राज्यांत अर्ज केला, तेव्हां त्यांनींहि आपण उच्चवर्णीय, शुद्ध आर्य वंशाचे हिंदू आहों, असेंच प्रतिपादन केलें, आणि तें मान्य झालें. यापुढें ठिकठिकाणच्या कोर्टांत हिंदी अर्जदारांनीं हाच मार्ग धरला. कोठें यश आलें, कोठें अपयश. परंतु युक्तिवाद सर्वत्र एकच होता: युरोपीय पंडितांनीं मनुष्यजातीचे जे वंश पाडले आहेत त्यांत उत्तर हिंदुस्थानचे लोक ‘कॉकेशियन’ म्हणून गणले आहेत, आणि ‘कॉकेशियन’ म्हणजेच गोरा.

हा युक्तिवाद करणारांस दोष देण्यापूर्वीं त्या काळाची हवा ध्यानीं घेणें जरूर आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा सगोत्र आहेत, हा शोध युरोपांत लागल्यापासून ‘आर्य’ या शब्दानें आमच्या सुशिक्षित वर्गावर मोठी मोहिनी घातली होती. राज्यकर्त्यांचे आपण दूरचे कां होईना पण भाऊबंद आहों, या कल्पनेंत पराभूत मनास एक प्रकारचें औषध सांपडत होतें. लोकमान्य टिळकांनीं आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे शोधणारा आपला ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध केला, तो याच वातावरणांत. त्याच महाराष्ट्रांत जोतीराव फुले यांनीं याच आर्यागमनाच्या कथेचा अगदीं उलट अर्थ लावला होता, हेंहि विसरतां येत नाहीं. त्यांच्या मतें आर्यांचें येणें ही गौरवाची गोष्ट नसून येथील मूळच्या लोकांच्या दास्याचा आरंभ होता. विशेष हें कीं, १८७३ सालीं प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनीं अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांनीं निग्रोंना दास्यांतून मुक्त केलें त्यांस अर्पण केला आहे. पुण्यांतील एका माणसास अमेरिकेच्या इतिहासांतील कोणता भाग आपला वाटला, आणि पुढें पन्नास वर्षांनीं त्याच्याच देशांतील दुसऱ्या माणसांस अमेरिकेच्या कोर्टांत काय सांगावेंसें वाटलें, याची तुलना मनाशीं करून पाहण्यासारखी आहे.

वंशाच्या या मार्गाचा शेवट दोन निकालांत झाला. पहिला निकाल एका जपानी गृहस्थाचा. ताकाओ ओझावा हे तरुणपणीं अमेरिकेंत आलेले, कॅलिफोर्निया विद्यापीठांत शिकलेले, घरांत इंग्रजी बोलणारे व सर्वतोपरी अमेरिकन रीतीनें राहणारे होते. आपला वर्ण अनेक युरोपियनांहून उजळ आहे, असेंहि त्यांचें म्हणणें होतें, आणि तें खोटें नव्हतें. १३ नोव्हेंबर १९२२ रोजीं सुप्रीम कोर्टानें त्यांचा अर्ज फेटाळला. कातडीचा रंग ही कसोटी नव्हे, ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ वंशाचा, आणि जपानी मनुष्य त्या वंशाचा नाहीं, असें कारण न्यायमूर्ति सदरलंड यांनीं दिलें. हा निकाल वाचून हिंदी लोकांस हायसें वाटलें असल्यास नवल नाहीं. ‘कॉकेशियन’ हीच कसोटी ठरली, तर वंशशास्त्राचे सर्व ग्रंथ त्यांच्या बाजूस होते.

त्यांच्यापैकीं भगतसिंग थिंद यांचें प्रकरण तेव्हां सुप्रीम कोर्टापुढें होतेंच. थिंद हे अमृतसरकडचे शीख. १९१३ सालीं अमेरिकेस गेले, ऑरेगॉनमधील लांकडाच्या गिरणींत राबले, आणि पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, अमेरिकेच्या सैन्यांत दाखल झाले. सैन्यांत असतांनाच त्यांना नागरिकत्व मिळालें आणि चारच दिवसांत काढून घेतलें गेलें. पुढें त्यांनीं ऑरेगॉनमध्यें पुन्हां अर्ज केला. १९२० सालीं तेथील न्यायाधीशानें तो मंजूर केला. सरकारनें अपील केलें. त्यांच्या बाजूनें जी बाजू मांडण्यांत आली तींत उच्च जात, शुद्ध रक्त, आर्य कुळ यांवरच भर होता. उच्चवर्णीय हिंदूस आपल्या देशांतील मूळच्या रहिवाशांशीं शरीरसंबंध करणें जितकें असह्य, तितकेंच तें गोऱ्या अमेरिकनास निग्रोंच्या बाबतींत असह्य आहे, असें साम्यहि त्यांत दाखविलेलें होतें. ज्या गुरूंनीं जातिभेद अमान्य केला त्यांच्या पंथांत जन्मलेल्या माणसानें उच्च जातीचा आधार घ्यावा, आणि सैनिक म्हणून केलेली सेवा मागें ठेवून पूर्वजांचें रक्त पुढें करावें, यापरतें दैवदुर्विलसित कोणतें!

१९ फेब्रुवारी १९२३ रोजीं निकाल लागला. ओझावांच्या निकालास पुरते शंभर दिवसहि झाले नव्हते, आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्ति तेच होते. आतां त्यांनीं सांगितलें कीं, पंडितांच्या वर्गीकरणाशीं कायद्यास कर्तव्य नाहीं. ‘गोरा’ हा शब्द सामान्य माणसाच्या बोलीभाषेंतला आहे आणि सामान्य अमेरिकन मनुष्य हिंदूस गोरा समजत नाहीं. थिंद आणि युरोपीय यांचा हजारों वर्षांपूर्वीं कोणी एक समान पूर्वज असेल. परंतु आज त्यांच्यांतील भेद उघड दिसतो, एवढें पुरे. ओझावा गोरे होते पण ‘कॉकेशियन’ नव्हते. थिंद ‘कॉकेशियन’ होते पण गोरे नव्हते. कुलूप तेंच ठेवून किल्ली मात्र प्रत्येक खेपेस पालटण्यांत आली. ज्या हक्काचा पाया यजमानाच्या मनांतील नात्याच्या भावनेवर असतो, तो हक्क यजमानाच्या एका वाक्यानें जातो, हें या दोन निकालांवरून स्पष्ट दिसतें.

याचे परिणाम कागदावरच राहिले नाहींत. ज्या हिंदी लोकांस पूर्वींच्या निकालांनीं नागरिक केलें होतें त्यांचे दाखले रद्द करण्यासाठीं सरकारनें दावे लावले. मजुमदार यांचें नागरिकत्व आरंभींच गेलें. कॅलिफोर्नियांत १९१३ व १९२० च्या कायद्यांनीं नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशीयांना जमीन बाळगण्याची मनाई केलेली होती. ती आतां हिंदी शेतकऱ्यांवर येऊन आदळली. १९२४ च्या कायद्यानें नागरिकत्वास अपात्र असलेल्यांस देशांत येण्याचीच बंदी केली. त्यामुळें एकदां स्वदेशीं गेलेल्या माणसास परत येण्याची शाश्वती उरली नाहीं. बायकामुलें इकडे, शेत तिकडे, आणि मध्यें समुद्र, अशी कित्येकांची अवस्था झाली.

पेशावरचे वैष्णोदास बगाई यांची कथा या संदर्भांत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९१५ सालीं ते पत्नी व तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्को येथें उतरले, व्यापारांत स्थिर झाले आणि रीतसर अमेरिकन नागरिक बनले. ब्रिटिश प्रजाजनत्वाचा त्याग त्यांनीं आनंदानें केला होता. कारण इंग्रजी राज्याविषयीं त्यांच्या मनांत तीव्र द्वेष होता. थिंद निकालानंतर त्यांचें नागरिकत्व गेलें, आणि त्याबरोबर मालमत्ता बाळगण्याचा हक्कहि गेला. १९२८ सालीं स्वदेशीं आप्तांस भेटून येण्याची त्यांनीं इच्छा धरली, तेव्हां अमेरिकन पासपोर्ट नाकारण्यांत आला व ब्रिटिश पासपोर्ट घ्यावा असें सुचविण्यांत आलें. जें ओझें टाकून देण्याकरितां घर सोडलें तेंच पुन्हां शिरावर घेण्याची ही सूचना त्यांना सहन झाली नाहीं. त्याच वर्षींच्या मार्च महिन्यांत त्यांनीं स्वतःचा अंत करून घेतला. आपण सर्व मार्गांनीं कोंडले गेलों आहों, या आशयाचें एक पत्र त्यांनीं वृत्तपत्राकरितां मागें ठेविलें होतें. कायद्याच्या एका शब्दाचा अर्थ पालटतो म्हणजे काय होतें, याचें उत्तर या मृत्यूंत आहे.

आतां ज्या मार्गाकडे आम्हांस वाचकांचें विशेष लक्ष वेधावयाचें आहे त्याकडे वळूं. सखाराम गणेश पंडित हें नांव ऐकतांच मराठी मनुष्य कान टवकारील. पंडित हे १९०६ च्या सुमारास व्याख्याते म्हणून अमेरिकेस गेले, १९१४ सालीं कॅलिफोर्नियांतील कोर्टांत नागरिक झाले, आणि १९१७ सालीं त्यांनीं तेथें वकिलीची सनद मिळविली. थिंद यांच्या बाजूनें काम करणाऱ्या वकिलांत ते होते. तो खटला हरल्यावर सरकारनें आपला मोर्चा स्वतः पंडितांकडे वळविला आणि त्यांचा दाखला रद्द करण्याची फिर्याद गुदरली. वंशाच्या मुद्द्यावर लढणें आतां व्यर्थ होतें; त्या मुद्द्यावर देशांतील सर्वांत वरच्या कोर्टाचा शब्द खर्ची पडला होता. पंडितांनीं तो मुद्दा बाजूस ठेवून अगदीं निराळ्या भूमीवर पाय रोवले.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: मी गोरा आहें कीं नाहीं हा प्रश्न १९१४ सालींच कोर्टापुढें आला होता, सरकारनें त्या वेळीं हजर राहून आक्षेप घेतला होता, न्यायाधीशानें उभय पक्षांचें ऐकून निकाल माझ्या बाजूनें दिला, आणि सरकारनें तो निकाल तसाच राहूं दिला. त्या निकालावर विसंबून मीं माझें सारें आयुष्य उभारलें. स्वदेशांतील हक्क सोडले, घर घेतलें, सनद मिळविली, अमेरिकन स्त्रीशीं विवाह केला. आज माझा दाखला गेला तर माझी वकिली जाईल, आणि नागरिकत्वास अपात्र अशा पुरुषाची पत्नी म्हणून माझ्या पत्नीचेंहि नागरिकत्व जाईल. एकदां निकालांत निघालेला प्रश्न त्याच पक्षांमध्यें पुन्हां उकरून काढतां येत नाहीं. सरकार झालें म्हणून त्याला निराळा न्याय नाहीं.

हें तत्त्व आमच्या धर्मशास्त्रास नवें नाहीं. वादीच्या फिर्यादीस प्रतिवादीनें द्यावयाच्या उत्तराचे जे चार प्रकार मिताक्षरेंत सांगितले आहेत त्यांतील एक ‘प्राङ्न्याय’ हा आहे: या गोष्टीचा न्याय पूर्वीं होऊन गेलेला आहे, तूं त्यांत हरलेला आहेस, असें प्रतिवादीनें सांगावयाचें. अमेरिकन कायद्यासहि हें तत्त्व इंग्रजी परंपरेंतून मिळालेलें होतें. खालच्या कोर्टानें पंडितांचें म्हणणें उचलून धरलें. १९२६ सालीं पश्चिम किनाऱ्याकडील अपील कोर्टानें तोच निर्णय कायम केला. आणि १९२७ सालीं सुप्रीम कोर्टानें सरकारचें गाऱ्हाणें ऐकण्याचें नाकारलें. यानंतर इतर हिंदी नागरिकांवरील जे दावे शिल्लक होते तेहि सरकारनें सोडून दिले. एका माणसाच्या युक्तीनें कित्येक कुटुंबें वांचलीं.

पंडितांच्या यशाचें मर्म काय? वंशाचा वाद घालतांना अर्जदार असें म्हणत होता कीं, मी तुमच्यासारखा आहें म्हणून मला राहूं द्या. पंडितांनीं दाव्याच्या या दुसऱ्या खेपेस म्हटलें कीं, मी कसाहि असेन. तुम्हीं शब्द दिला आहे, तो पाळा. पहिल्या म्हणण्यांत न्यायाधीशाच्या मनास आवाहन होतें. दुसऱ्यांत न्यायालयाच्या प्रतिष्ठेस. हिंदी माणसाचें नागरिकत्व वांचविण्याची त्या न्यायाधीशांस हौस नव्हती; परंतु निकालांस कांहीं स्थैर्य असावें, याची मात्र त्यांना मनापासून गरज होती. जें तत्त्व यजमानास स्वतःसाठीं हवें असतें त्यावर उभा राहिलेला पाहुणा सहसा ढळत नाहीं.

तथापि या मार्गाची मर्यादाहि उघड आहे. ज्याच्या हातीं आधींच दाखला होता त्यालाच तो उपयोगी. ज्यांचे दाखले पूर्वींच रद्द झाले होते, किंवा ज्यांना ते मिळालेच नव्हते, त्यांचें काय? त्यांनीं आडमार्ग धरले. कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यांतील अनेक पंजाबी शेतकऱ्यांनीं मेक्सिकन स्त्रियांशीं विवाह केले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलें मूल जन्मानेंच नागरिक होतें, हें सुप्रीम कोर्टानें १८९८ सालीं एका चिनी कुटुंबांतील मुलाच्या प्रकरणांत ठरविलें होतें. त्याचा लाभ घेऊन कित्येकांनीं जमीन मुलांच्या नांवें केली. कांहींनीं ती विश्वासू गोऱ्या मित्रांच्या नांवें ठेवली. दलीपसिंग सौंद हे १९२० सालीं विद्यार्थी म्हणून गेले, गणितांत डॉक्टर झाले, आणि पंडिताच्या योग्यतेची नोकरी दुरापास्त असल्यामुळें त्याच खोऱ्यांत शेती करूं लागले. गणिताचा डॉक्टर सॅलडची भाजी पिकवितो, हें दृश्य त्या काळच्या कायद्यावर पुरेसें भाष्य आहे.

सैनिकी सेवेचा मार्गहि कांहींसा उशिरां कां होईना, पण उघडला. महायुद्धांत अमेरिकेकडून लढलेल्या आशियाई सैनिकांस नागरिकत्व देणारा कायदा १९३५ सालीं झाला आणि त्याखालीं १९३६ सालीं भगतसिंग थिंद न्यूयॉर्क राज्यांत नागरिक झाले. वंशाच्या दाखल्यानें जें दोनदां देऊन दोनदां हिरावलें, तें सेवेच्या दाखल्यानें तिसऱ्यांदा मिळालें आणि टिकलें. त्यांच्या हातीं हा दाखला १९१८ पासून होता. त्याला किंमत देणारा कायदा मात्र सतरा वर्षांनीं जन्मास आला.

शेवटला आणि खरा मार्ग कायदेमंडळाचा. कोर्टांत एकेका माणसानें आपला अपवाद सिद्ध करावयाचा, ही रीत टाकून नियमच पालटून घेण्याची चळवळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदी मंडळींनीं हातीं घेतली. तिच्या अग्रभागीं अमेरिकेंतील इंडिया लीगचे सरदार जगजितसिंग, तसेच मुबारक अली खान वगैरे गृहस्थ होते. काँग्रेसमध्यें इमॅन्युअल सेलर व श्रीमती क्लेअर बूथ लूस या दोन परस्परविरोधी पक्षांच्या सभासदांनीं विधेयकाची बाजू घेतली. १९४३ सालीं चीन हें दोस्त राष्ट्र असल्यामुळें चिनी लोकांवरील बंदी उठलेली होतीच. लक्षावधि हिंदी सैनिक त्याच युद्धांत लढत असतां हिंदी लोकांस तरी अपात्र कसें म्हणावें, हा सरळ प्रश्न होता. २ जुलै १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं कायद्यावर सही केली. त्यानें वर्षास केवळ शंभर जणांस प्रवेश दिला. परंतु तेथें आधींच राहत असलेल्या, संख्येनें उण्यापुऱ्या अडीच हजार हिंदी लोकांस नागरिकत्वाचें दार उघडलें. या कायद्याची भाषा मोठी बोधप्रद आहे. हिंदुस्थानांतील मूळच्या सर्व वंशांस तो लागू होता. त्यांत आर्य नव्हता, उच्चवर्णीय नव्हता, शुद्ध रक्ताची चौकशी नव्हती. बलसारांस ज्यांच्यापासून वेगळें काढून आंत घेतलें, मजुमदार व थिंद यांनीं ज्यांच्याहून आपण निराळे असल्याचें सांगितलें, ते सर्वजण आतां एकाच दारानें आंत जाऊं शकत होते. सौंद १९४९ सालीं नागरिक झाले आणि १९५६ सालीं अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. नागरिकत्वांतील वंशाची अट १९५२ सालीं सर्वांसाठींच गेली, आणि राष्ट्रवार संख्या ठरविणारी जुनी व्यवस्था १९६५ सालीं मोडली. तो कायदा करणाऱ्यांत तेच सेलर होते. आज महाराष्ट्रांतून जाणारीं मुलें ज्या दारानें जातात तें हें १९६५ सालचें दार होय.

आजचे नियम निराळे आहेत. आज कोणी रक्ताची चौकशी करीत नाहीं. पदवी, नोकरी, पगार, जन्मभूमि व रांगेंतील क्रमांक यांची करतात. नोकरीच्या परवान्यास तीन वर्षें आणि वाढवून सहा वर्षें अशी सामान्य मर्यादा आहे. कायम वास्तव्याच्या बाबतींत एका देशांत जन्मलेल्यांस एकंदरीच्या शेंकडा सातांहून अधिक वाटा नाहीं, त्यामुळें मोठ्या देशाच्या माणसास फार दिवस तिष्ठावें लागतें. अशा वेळीं आपण इतरांहून अधिक गुणी, इतर परदेशीयांहून अधिक सालस, म्हणून आमची गणना निराळी व्हावी, असें म्हणण्याचा मोह सुशिक्षितांस होतो. त्या मोहाचा इतिहास वर आला आहे. गुण दाखवूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं; परवान्याच्या अर्जांत जें विचारलें असेल तें अवश्य लिहावें, मुदत सरण्यापूर्वीं अर्ज करावा आणि मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेवावा. पंडितांस १९१४ सालच्या कागदानेंच तारलें. परंतु शेजाऱ्यास खालीं ढकलून आपली उंची सिद्ध करण्याचा मार्ग लाभदायक तर नाहींच, आणि लाभला तरी तो टिकत नाहीं.

मजुमदार, थिंद व बगाई यांना आज न्याय देतांना एवढें म्हटलें पाहिजे कीं, ‘गोरा’ हा शब्द त्यांनीं निर्माण केलेला नव्हता. कायद्यानेंच त्यांच्यापुढें तो प्रश्न टाकला, आणि बुडत्या माणसानें हाताशीं आलेला दोर धरला. चूक त्यांच्या दोर धरण्यांत नव्हती. तो दोर ज्या खुंटीस बांधलेला होता ती खुंटी दुसऱ्याच्या अंगणांत होती, आणि ती केव्हांहि उपटली जाणार होती. खरा आधार दोनच ठिकाणीं मिळाला: सरकारनें दिलेला शब्द सरकारकडून पाळवून घेण्यांत, आणि एकट्यापुरता अपवाद न मागतां सर्वांसाठीं नियम मागण्यांत.